हिरवळ आणि हौस

शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत संध्याकाळीं फिरावयास गेलें म्हणजे बऱ्याच बंगल्यांपुढें हिरव्या गवताचा एक लहानसा चौकोन दृष्टीस पडतो. गवत नीट कातरलेलें असतें, कडेनें विटा तिरप्या रोवलेल्या असतात, आणि मध्यें एका पाटीवर सुवाच्य अक्षरांत आज्ञा लिहिलेली असते : "गवतावर चालूं नये." परवां ही आज्ञा वाचून आमच्याबरोबर असलेल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलीनें विचारलें, "मग हें गवत लावलें तरी कशासाठीं?" प्रश्न लहान मुलीचा होता, त्यामुळें त्याचें उत्तर देणें अर्थातच कठीण होतें. "शोभेसाठीं" असें आम्हीं सांगून पाहिलें, पण "शोभा कोणासाठीं?" असा दुसरा प्रश्न लागलीच पुढें आला, आणि आम्हीं मौन पत्करलें.

मोठ्या माणसांची अशी अडचण झाली म्हणजे तीं इतिहासाकडे धांव घेतात. आम्हींही तेंच केलें. लढाया आणि तह यांचा इतिहास विपुल आहे. घरांतल्या हौसेमौजेचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाहीं. घरापुढची हिरवळ ही एक अशी हौस. एखादी कल्पना मनाशीं धरून केलेली मेजवानी, म्हणजे अमुक काळचे पोषाख करून या, अमुक रंगाचे कपडे घालून या, असें सांगून जमविलेली पाहुण्यांची बैठक, ही दुसरी. दोन्ही गोष्टी आज अगदीं घरगुती वाटतात. परंतु शोध घेतां असें आढळतें कीं, ह्या दोघी एकमेकींच्या जवळच्या नात्यांतल्या आहेत, आणि त्यांचा थाटमाट ज्या ठिकाणीं प्रथम डोळे दिपवूं लागला तें ठिकाण घर नव्हतें. तो राजवाडा होता.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें १६६४ सालच्या मे महिन्यांत व्हर्साय येथें सहाशेंहून अधिक पाहुण्यांना बोलावून एक सोहळा केला. "मंत्रमुग्ध बेटावरील विलास" अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. आरिओस्तो ह्या इटालियन कवीच्या महाकाव्यांत आल्सिना नांवाची एक चेटकीण आहे. ती शूर वीरांना आपल्या बेटावर भुलवून ठेवते. हीच कथा सोहळ्याची मध्यवर्ती कल्पना. राजा स्वतः त्या वीरांपैकीं एक होऊन घोड्यावरून आला. मोलिएर ह्या नाटककारानें त्यासाठीं नवें नाटक लिहिलें, लुलीनें संगीत रचलें, आणि तिसऱ्या रात्रीं पाण्यावर उभारलेला चेटकिणीचा महाल दारूकामाच्या कडकडाटांत उडवून देण्यांत आला. पुढें आणखी कांहीं दिवस खेळ व नाटकें चाललींच होतीं. सोहळा नांवाला राजमाता आणि राणी यांच्या सन्मानार्थ होता. तो वस्तुतः कोणा तिसरीच्या प्रीत्यर्थ होता हें सर्वांना ठाऊक होतें, आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतें.

एवढें वाचून यजमानाचें कौतुक वाटावें, तों त्याच काळच्या एका न्यायाधिकाऱ्याची रोजनिशी पुढें येते. तींत त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, दरबारी मंडळी मनांतून संतापलीं होतीं. कारण राजानें कोणाचीच विचारपूस केली नाहीं, आणि मोठमोठ्या सरदारांना रात्रीं अंग टाकावयास एखादें बीळदेखील मिळण्याची पंचाईत पडली. व्हर्साय तेव्हां आजच्याएवढें विस्तीर्ण नव्हतें. शिकारीच्या निमित्तानें बांधलेला तो एक बेताचा वाडा होता. चेटकिणीसाठीं महाल उभा राहिला. पाहुण्यांसाठीं मात्र खाट नव्हती. आमच्याकडील कोणत्याही गृहिणीनें हें ऐकलें तर ती एकच प्रश्न विचारील : "मग बोलावलें कशाला?" पाटी वाचणाऱ्या मुलीचा प्रश्न आणि हा प्रश्न आमच्या मतें एकच आहे.

त्याच व्हर्सायच्या बागेंत आंद्रे ल नोत्र ह्या राजाच्या बागकारानें हिरवळीचा एक पट्टा आंखला. त्याचें नांवच "हिरवा गालिचा". लांबी सुमारें ३३५ मीटर, रुंदी ४० मीटर. दोन्ही अंगांस पुतळे आणि कलश, आणि मधून राजाची दृष्टि थेट कालव्यापर्यंत धांवावी अशी योजना. मेजवानीनें पाहुण्यांना दिपवावें आणि गालिचानें जमिनीला नमवावें, असा हा एकाच वृत्तीचा दुहेरी विलास होता. पुढें १७४५ सालीं ह्या दोन हौसांची एक विलक्षण भेट झाली. युवराजाच्या विवाहानिमित्त भरलेल्या मुखवट्यांच्या नाचांत पंधरावा लुई आणि त्याचे कांहीं सोबती बागेंतल्या कातरलेल्या झाडांचीं सोंगें घेऊन आले. सगळीं झाडें सारखींच. त्यांत राजा कोणता हें कोणालाच कळेना. जी बाग राजानें आपल्या आज्ञेंत उभी केली होती, तिचेंच सोंग घेऊन राजाला लपावें लागलें. ह्यापेक्षां अधिक मार्मिक थट्टा कोणा विदूषकालाही सुचली नसती.

इंग्लंडांत हिरवळीचें रूप पालटलें. अठराव्या शतकांत लान्सेलॉट ब्राउन (१७१६–१७८३) नांवाचा एक बागकार होऊन गेला. "आपल्या जागेच्या अंगीं पुष्कळ गुण आहेत" असें तो प्रत्येक जमीनदाराला सांगे, म्हणून लोक त्याला 'केपेबिलिटी' ब्राउन म्हणूं लागले. त्यानें आंखीव वाफे मोडून गवत थेट वाड्याच्या भिंतीपर्यंत आणून भिडविलें. दूरवर मेंढ्या चरत. त्या चरतां चरतां दिवाणखान्याच्या दारापर्यंत येऊं नयेत म्हणून जमिनींत खोल चर खणून त्याच्या एका अंगास भिंत बांधीत. लांबून तो चर मुळींच दिसत नसे. चालतां चालतां तो एकदम पायांशीं आला कीं माणसाच्या तोंडून जो उद्गार निघे, त्यावरून म्हणे त्याला "हा-हा" हें नांव पडलें. कुंपण आहे, पण तें दिसूं द्यावयाचें नाहीं, ही त्यांतली खुबी.

मेंढ्यांच्या दांतांना जें साधत नसे तें माणसांच्या हातांनीं साधावें लागे. पहांटे गवतावर दंव असतांनाच लांब दांड्याचे विळे घेतलेल्या माणसांची रांग ते चालवीत पुढें सरके, कारण ओलें गवत धारेला चांगलें लागतें. आणि मागून पडलेलें गवत गोळा करण्यास आणखी हात लागत. एक दाणाही पिकवावयाचा नाहीं, तरी जमीन अडवून ठेवावयाची आणि तिच्यासाठीं माणसें राबवावयाचीं, हें ज्याला परवडे त्याच्याच दारीं हिरवळ असे. सामान्य गृहस्थाच्या परसांत भाजीपाला असे, कोंबड्या असत, वाळत घातलेले कपडे असत. त्याला हिरवळीचें स्वप्नही पडत नसे.

हिरवळ घरांत आली ती एका गिरणींतून. ग्लॉस्टरशर परगण्यांत स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झालें म्हणजे त्याच्यावर उभी राहिलेली लव सारखी करण्यासाठीं फिरत्या पात्यांचें एक यंत्र तेथें वापरीत. एडविन बडिंग नांवाच्या कारागिराला तें पाहून सुचलें कीं, कापडाची लव जशी कातरतां येते तशी जमिनीची कां येऊं नये? १८३० सालीं त्यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. यंत्र लोखंडी व जड होतें, त्याच्या पात्यांची रुंदी १९ इंच होती, आणि तें मागून ढकलावें लागे. आपल्या पेटंटांत त्यानें एक मोठी गंमतीची गोष्ट नमूद केली आहे. खेड्यांतून राहणाऱ्या सभ्य गृहस्थांना हें यंत्र स्वतः चालविण्यांत करमणूक, उपयोग आणि आरोग्यदायक व्यायाम हीं तिन्हीं साधतील, असा तिचा आशय आहे. ह्यांतील 'स्वतः' हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. सभ्य गृहस्थानें स्वतःच्या दारचें गवत स्वतः कापावें आणि त्यांत त्याला मौज वाटावी, ही कल्पना लुईच्या दरबारांत कोणी बोलून दाखविली असती तर त्याची गणना वेड्यांत झाली असती.

योगायोग असा कीं, त्याच १८३० सालीं लंडनमध्यें एक लग्न झालें. त्या लग्नाची हकीकत थोडी विस्तारानें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. जेन वेब ही सतरा वर्षांची असतांना तिचे वडील वारले व ती निराधार झाली. पोटासाठीं तिनें एक कादंबरी लिहिली व १८२७ सालीं आपलें नांव न घालतां प्रसिद्ध केली. कथा बाविसाव्या शतकांतली. तींत एक प्राचीन ममी जिवंत होऊन उठते, आणि शेतें वाफेच्या नांगरांनीं नांगरलीं जातात. जॉन क्लॉडियस लाउडन हे उद्यानविषयक मासिकाचे संपादक. त्यांना ममीपेक्षां नांगर अधिक आवडला, आणि अशा कल्पक 'गृहस्था'ची आपणांस गांठ घालून द्यावी, अशी त्यांनीं एका स्नेह्यास विनंति केली. गांठ पडली तेव्हां गृहस्थाच्या जागीं एक बावीस वर्षांची तरुणी उभी! भेट वर्षाच्या आरंभीं झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वींच विवाह झाला.

लाउडन यांचा उजवा हात पूर्वींच शस्त्रक्रियेनें काढून टाकावा लागला होता. ते सांगत आणि जेनबाई लिहून घेत, असा त्या घरचा क्रम. परंतु ज्याचा उभा जन्म झाडांत गेला त्याच्या घरीं येऊनही बाईंना वनस्पतींचें ज्ञान मुळींच नव्हतें, आणि ह्या गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटे. मग त्या नवऱ्यापाशीं बसून, विचारून विचारून, चुकत माकत शिकल्या. वृक्षांविषयींच्या एका प्रचंड ग्रंथापायीं लाउडन मोठ्या कर्जांत बुडाले, तेव्हां हें उशीरां आलेलें ज्ञानच कामास आलें. १८४० सालीं बाईंचें स्त्रियांसाठीं बागकाम शिकविणारें पुस्तक निघालें. त्याच्या आरंभीं त्यांनीं जो विचार मांडला आहे तो कोणत्याही शिक्षकानें लक्षांत ठेवावा असा आहे. ज्याचा जन्म एखाद्या विद्येंत गेला त्याला नवशिक्याचें अज्ञान किती खोल असतें ह्याची कल्पनाच येत नाहीं; जो नुकताच शिकला आहे त्याला मात्र आपण कोठें अडखळलों होतों हें आठवत असतें, म्हणून तोच शिकवूं शकतो, असा त्याचा भावार्थ. फुलांच्या नांवापासून त्या आरंभ करीत नाहींत; खणण्यापासून करतात. कुदळीवर सगळा जोर एकदम न देतां शरीराचा भार कसा वापरावा, पायांत काय घालावें, हातमोजे कसे असावेत, हें त्या सांगतात. बंद दिवाणखान्यांत कशिदा काढीत बसणाऱ्या बायकांना त्यांनीं मातींत उभें केलें, आणि तें कोणाचाही उपमर्द न करतां, हंसतमुखानें केलें. लाउडन १८४३ सालीं वारले; पुढें १८५८ सालीं स्वतःचा अंत होईपर्यंत बाई लिहीत राहिल्या. हिरवळीच्या इतिहासांत राजांपेक्षां ह्या जोडप्याचें स्थान आम्ही मोठें समजतों.

गवत घरच्या हातांत आलें, आणि त्याच्यावर माणसें बसूं लागलीं, खेळूं लागलीं. १८६० नंतर क्रोके हा चेंडू-मोगरीचा खेळ इंग्लंडांत घरोघर पसरला. त्यांत स्त्रिया आणि पुरुष एकाच गवतावर, एकाच नियमानें खेळत, आणि त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यानें टेनिसच्या एका नव्या प्रकाराचें पेटंट घेऊन जाळें, चेंडू आणि फळ्या पेटींत घालून विकावयास काढल्या. विंबल्डनच्या ज्या क्लबांत आज जगांतील नामांकित टेनिसपटू खेळतात, तो १८६८ सालीं केवळ क्रोकेसाठीं निघाला होता. १८७७ सालीं तेथें टेनिसचे पहिले सामने ठरले, त्याचें कारण असें सांगतात कीं, गवत दाबण्याचा तट्टानें ओढावयाचा रूळ बिघडला होता आणि दुरुस्तीला पैसा हवा होता. एका मोडक्या रुळानें जगाला केवढा उत्सव दिला!

मेजवान्यांचीही अशीच कथा. १८४२ सालच्या मे महिन्यांत व्हिक्टोरिया राणीनें बकिंगहॅम राजवाड्यांत पोषाखी नाच भरविला. राणी आणि तिचा पति हीं चौदाव्या शतकांतील राजाराणींच्या वेषांत आलीं. स्पिटलफील्ड्स भागांतील रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. पाहुण्यांनीं नवे पोषाख शिवून घ्यावेत आणि विणकरांना काम मिळावें, हा त्यांतील घोषित हेतु. हेतु चांगला होता, उपाय मात्र एका रात्रीपुरता. त्यानंतर एकोणीस वर्षांनीं, म्हणजे १८६१ सालीं, इझाबेला बीटन ह्या पंचवीस वर्षांच्या गृहिणीचें गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक बाहेर पडलें. त्यांत चाळीस माणसांच्या वनभोजनाची तपशीलवार यादी आहे. थंड मांसाच्या तबकांपासून तीन बूचकाढण्यांपर्यंत तींत सर्व कांहीं आहे; पाणी बहुधा तेथें मिळतेंच, म्हणून तें नेण्यांत अर्थ नाहीं, असा शेराही आहे. ज्यानें चाळीस माणसांचे डबे भरले आहेत त्यालाच बूचकाढणीचें महत्त्व कळतें. राजाच्या सोहळ्याला नाटककार लागला होता. घरच्या सोहळ्याला यादी लागते. आमच्या मतें संस्कृतीची खरी प्रगति ती हीच.

अमेरिकेंत ह्या दोन्ही हौसा सर्वांच्या आवांक्यांत आल्या, आणि तेथेंच त्यांचा कसही लागला. १८७० सालीं फ्रँक स्कॉट यानें उपनगरांतील घरांच्या आवाराविषयीं पुस्तक लिहिलें. दारापुढचें गवत सारखें राखावें आणि तें कुंपणाआड लपवूं नये, कारण शेजाऱ्याच्या डोळ्यांपासून सौंदर्य लपविणें हें धर्माला धरून नाहीं, असें त्याचें प्रतिपादन. विचार उदार आहे. १९०९ सालीं डेनिसन ह्या कागदाच्या कंपनीनें हॅलोवीनच्या मेजवानीसाठीं एक पुस्तिका काढली : रंगीत झिरझिरीत कागदाचीं वटवाघळें कशीं कापावींत, पोषाख कसे करावेत, कोणते खेळ घ्यावेत. कंपनीला कागद खपवावयाचा होता हें उघडच आहे. तरी चार आण्यांच्या कागदांत घरांतलीं मुलें भुतें होऊन नाचलीं, आणि त्या रात्रीं शेजाऱ्यांचीं फाटकें उखडण्याचा त्यांचा जुना उद्योगही त्यामुळें कांहींसा मागें पडला. १९१८ सालीं महायुद्धाच्या धामधुमींत तर अध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर मेंढ्या चरत होत्या. गवत कापणारीं माणसें त्यामुळें मोकळीं झालीं, आणि लोकरीच्या लिलावांतून रेड क्रॉसला पन्नास हजार डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. ब्राउनच्या मेंढ्या शेवटीं लोकसेवेला लागल्या!

परंतु १९४७ सालीं न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही वसाहत वसूं लागली, तेव्हां हिरवळीचें दुसरें तोंड दिसलें. चार वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरें, प्रत्येकापुढें गवत. वसविणाऱ्यांपैकीं वडील अब्राहम लेव्हिट हे स्वतः बागकामाचे मोठे शौकीन. गवताची निगा कशी राखावी हें ते रहिवाशांना लेख लिहून शिकवीत. ह्या शिकवणींत जिव्हाळा होता. पण करारांत अटही होती : उन्हाळ्याच्या मोसमांत आठवड्यांतून एकदां गवत कापलेंच पाहिजे, कुंपण घालतां कामा नये. आणि आरंभींच्या करारांत ह्याहूनही एक वेगळी अट होती. गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कोणासही, चाकर म्हणून असेल तेवढें वगळून, त्या घरांत राहूं द्यावयाचें नाहीं. अशा अटी न्यायालयांकडून अंमलांत आणतां येणार नाहींत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. तरी वसाहतीचें दार पुढें बराच काळ बंदच राहिलें. कुंपण दिसत नव्हतें, पण होतें. ब्राउननें मेंढ्यांसाठीं खणलेला तो अदृश्य चर येथें माणसांसाठीं खणला गेला.

हें वाचून आम्हीं स्वतःस धन्य समजूं लागावें, तर तीही सोय नाहीं. कल्पना धरून केलेला समारंभ आमच्या घरांना नवा नाहीं. आमच्या आजीच्या पिढीनें डोहाळजेवणें केलीं तीं बागेंतलीं, नावेंतलीं, चांदण्यांतलीं. पाटांची होडी होई, निळ्या लुगड्याची नदी होई, गर्भवतीच्या अंगावर फुलांची वाडी चढे, आणि दोन झांकलेल्या वाट्यांतून बर्फी निघते कीं पेढा, ह्याकडे सगळ्यांचे डोळे लागत. चैत्रांत गौरीपुढें आरास मांडून आंब्याची डाळ आणि पन्हें यांचा समारंभ होई. आश्विनांत भोंडला संपला म्हणजे डब्यांतली खिरापत ओळखण्याची झुंबड उडे. पदरमोड थोडी, कल्पकता पुष्कळ, आणि पाहुणीला बसावयास पाट हमखास. परंतु ह्याच हळदीकुंकवाच्या वेळीं घरांतलीच एखादी विधवा काकू किंवा आत्या स्वयंपाकघरांत डाळ वाटीत बसलेली असे, आणि ओसरीवर येण्याची तिला मुभा नसे. डब्यांत कोणती खिरापत आहे हें आम्ही मोठ्या हौसेनें ओळखीत आलों. बाहेर कोण राहिलें आहे हें ओळखावयास आम्हांला फार काळ लागला. आज पुष्कळ घरांतून ही रेघ पुसली गेली आहे. जेथें ती अजून शिल्लक असेल तेथें दुसऱ्यांच्या चराकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

हिरवळही आम्हांला वाटते तितकी परकी नाहीं. आमच्या बंगल्यांपुढें पुष्कळदां जें गवत लावतात तें हरळीचें असतें. अमेरिकेंत तिलाच बर्म्युडाचें गवत म्हणतात. गणपतीला ज्या एकवीस दूर्वा वाहतात त्या ह्याच गवताच्या, आणि शेतकरी ज्या मुळ्या खणून खणून थकतो त्याही ह्याच. एकच तृण देवघरांत पूज्य, शेतांत शत्रु आणि बंगल्यांत अलंकार! जागेप्रमाणें मान मिळतो, हें माणसांपुरतेंच खरें नाहीं. खेळांतही आमचा थोडा वांटा आहे. इंग्लंडांतल्या बॅडमिंटन नांवाच्या एका वाड्यावरून ज्या खेळाला नांव मिळालें, तो १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या लष्करी छावणींत इतका रुजला होता कीं, त्याला 'पूना' असेंही म्हणत. आमचें मूळचें अंगण मात्र वेगळें. तें सारवलेलें, सडा घातलेलें, रांगोळीनें उजळलेलें. त्यावर कोणी चालूं नये अशी पाटी कधींच लागली नाहीं. उलट पावलें उमटलीं नाहींत तर अंगण ओस पडलें असें आम्ही म्हणतों. रांगोळी रोज पुसली जाते म्हणूनच ती रोज काढावयाची.

आज अमेरिकेंतच ह्या प्रश्नानें उलट खाल्ली आहे. उपग्रहांच्या साहाय्यानें केलेल्या एका अभ्यासांत २००५ सालीं असें दिसून आलें कीं, त्या देशांत पाणी देऊन वाढविलेल्या कोणत्याही एका पिकाहून गवताच्या हिरवळीनें अधिक जमीन व्यापली आहे. कोलोरॅडो नदी आटत चालली, तेव्हां नेवाडा राज्यानें २०२१ सालीं एक कायदा केला. लास व्हेगासच्या परिसरांत जें गवत केवळ दिसण्यासाठीं आहे, ज्यावर कोणी खेळत नाहीं कीं बसत नाहीं, त्याला २०२६ च्या अखेरीनंतर त्या नदीचें पाणी द्यावयाचें नाहीं, असें त्यांत ठरलें. रस्त्यांच्या मधले पट्टे आणि कचेऱ्यांपुढचे चौकोन त्यांत गेले. मैदानें आणि लोकांच्या राहत्या घरांचीं आवारें त्यांतून वगळलीं. कायदेपंडितांनीं पुष्कळ कलमें लिहिलीं असतील. परंतु त्या सर्वांचा सारांश आमच्या छोट्या सोबतिणीचाच प्रश्न आहे : हें गवत कशासाठीं?

तेव्हां ज्यांना दारीं हिरवळ हवी त्यांनीं ती अवश्य करावी, पण मुलांच्या हातून करावी. पावसाळ्याच्या तोंडीं हरळीच्या मुळ्यांचे तुकडे चार-चार बोटांवर दाबावयास त्यांना द्यावेत. त्यांना माती लागेल, ती लागूं द्यावी. पात्याची उंची असेल तिच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक एका वेळीं कापूं नये, कारण गवत आपलें अन्न पात्यांतच तयार करतें; फार खरडलें कीं मुळें उपाशी पडतात. पाणी रोज वरवर शिंपडूं नये. अंतराअंतरानें पण खोलवर द्यावें, म्हणजे पाण्यामागें मुळेंही खोल जातात आणि उन्हाळा सोसतात. विळेवाल्यांना दंव हवें होतें, यंत्राला तें नको. दंव सुकल्यावरच यंत्र फिरवावें. धार बोथट असेल तर पातें कापलें न जातां फाटतें व शेंडा पिवळा पडतो. आणि जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्याच पाण्याचे वांधे आहेत, तेथें हिरवळीचा हट्ट धरूं नये. सारवलेल्या अंगणासारखी शोभा नाहीं. हें सर्व शिकवितांना जेनबाईंची आठवण ठेवावी : आपल्याला कांहीं काळापूर्वीं हें ठाऊक नव्हतें, हें विसरूं नये.

एवढा इतिहास धुंडाळून आम्ही त्या मुलीकडे उत्तर घेऊन गेलों. "गवत बसण्यासाठीं असतें," असें आम्हीं गंभीरपणें सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें. पण तिला आतां त्या प्रश्नांत रस उरला नव्हता. रविवारीं तिच्या बाहुलीचें लग्न होतें, आणि तें घरामागच्या गवतावर व्हावयाचें होतें. वऱ्हाडानें फुलांचे मुकुट घालून यावें, अशी तिची अट होती. आम्हांलाही निमंत्रण मिळालें. व्हर्सायची हकीकत मनांत ताजी असल्यामुळें आम्हीं सहज विचारलें, "आम्हांला बसावयास जागा आहे ना?" त्यावर तिनें बोटांवर पाहुणे मोजले, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "चटई आणा. म्हणजे आणखी दोघांना बोलावतां येईल."